सागवानावर फर्मा धरायचा कसा? स्क्रूचं भोक नकोय

सुट्टीतला_सुतार

मंडळी नमस्कार. घरासाठी देव्हारा करतोय, चारी बाजूंनी उघडा, चार खांब आणि दर दोन खांबांच्या मधे एक महिरप. लाकूड जुनं सागवान, एका वाड्याच्या तुळया निघाल्या त्यातून कापून आणलेलं, रंधा मारून २२ मिमी ला आलंय आणि रंग असा काही निघालाय की त्याला हात लावायला भीती वाटते. महिरप पाच पाकळ्यांची आहे, खांबाखांबात साधारण ४०० मिमी. १२ मिमी एमडीएफचा फर्मा, म्हणजे ज्याच्या कडेने बिट फिरवून लाकडाला तोच आकार द्यायचा तो साचा, कापून घासून तयार आहे, ट्रिमर (छोटा राउटर, फिरत्या बिटने लाकडाची कड कापणारं यंत्र) पाव इंची कोलेटचा म्हणजे पाव इंची दांड्याचा बिट धरणारा, फर्म्याच्या कडेवर टेकून पळणारा बेअरिंगवाला बिट आणलाय.

अडलंय ते इथे. व्हिडिओत सगळे बिनधास्त फर्म्यातून दोन स्क्रू मारतात आणि राउटर फिरवतात, कारण त्यांची मागची बाजू भिंतीला किंवा जमिनीला जाणार असते. माझ्या महिरपी आतून पण दिसणार, बाहेरून पण दिसणार. क्लॅम्प लावले तर दर वेळी ट्रिमरचा बेस त्याला जाऊन धडकतो, मग थांबा, क्लॅम्प हलवा, परत चालू करा, तेवढ्यात फर्मा अर्धा मिमी सरकला की कामच संपलं. डबल टेप, फेविक्विक, गरम गोंद असं बरंच ऐकून आहे. प्रत्यक्षात कोणी केलंय का, आणि सागावर केलंय का? पाइनवर चालतं ते सागावर चालेलच असं नाही म्हणून विचारतोय.

भुसाभूत

डबल टेप. विषय संपला. पुढचा धागा काढा 😀

सिरियसली, दोन पट्ट्या लावायच्या, फर्मा ठेवायचा, वर उभं राहायचं, काम झालं की पटाशीने उचकटायचा. आमच्याकडे एमडीएफवर एमडीएफ असं रोज चालतं.

प्लायवाला

भाऊ एवढा विचार कशाला, बारीक चुका मारा दोन, नंतर उपटा, लांबी (पुट्टी) भरा, पॉलिश मारा. पॉलिशनंतर कोण भिंग घेऊन बघायला येतंय. साईटवर एवढा वेळ घालवला तर पार्टी पैसे देणार नाही.

सागवेडी

@प्लायवाला दादा, साईटवर ठीक आहे, पण सागावर लांबी कधीच लपत नाही हो. पहिल्या दिवशी रंग जुळवता येतो, पण साग वर्षादोनवर्षात प्रकाशाने रंग बदलत राहतो आणि लांबी आहे तिथेच राहते, मग बरोब्बर दोन ठिपके दिसायला लागतात. भुसा आणि फेविकॉल कालवून भरलं तर ते पॉलिश पीत नाही, तिथे गडद डाग राहतो. त्यातल्या त्यात त्याच लाकडाची गुल्ली कापून रेषा जुळवून बसवली तर बरं, पण मग भोकाच्या नावाने एवढं काम करण्यापेक्षा भोकच नको.

सुट्टीतला_सुतार, मी कागदी मास्किंग टेप आणि फेविक्विकवाली पद्धत वापरते, सागावरच. लाकडावर मास्किंग टेपच्या पट्ट्या, फर्म्याच्या खालच्या बाजूला समोरासमोर तशाच पट्ट्या, दोन्ही बाजू जुन्या एटीएम कार्डाने दाबून घासून घ्यायच्या, मग एका बाजूच्या टेपवर फेविक्विकची बारीक रेघ आणि फर्मा सरळ वरून ठेवून दाबायचा. गोंद फक्त टेपच्या पाठीला टेपची पाठ चिकटवतो, लाकडाला लागतच नाही. अर्धा मिनिट दाबून धरलं की झालं. काढताना फर्मा आणि लाकूड याच्यामधे पातळ पत्रा किंवा लांबीची पट्टी सरकवायची, टेप सोलून निघते, डाग नाही काही नाही. तीन गोष्टी सांभाळा. टेप जराही एकमेकांवर चढू देऊ नका, तिथे उंची वाढते आणि फर्मा डुगडुगतो. अगदी स्वस्त टेप नको, तिचा कागदच मधोमध फाटतो. आणि ठेवायच्या आधी फर्मा टेकवायची जागा पक्की करा, कारण एकदा टेकला की सरकवायला मिळत नाही, मी फळीच्या कडेला दोन ठोकळे क्लॅम्प करते आणि फर्मा त्याला टेकवून खाली आणते.

डोंबिवली_फास्ट

फेविक्विक लवकर पकडावं म्हणून खायचा सोडा भुरभुरतात ना, ते इथे चालेल का? आणि बाल्कनीत ट्रिमर चालवल्यावर खालच्या मजल्यावरून फोन येतो त्याला काय उपाय (हा प्रश्न हलके घ्या)

सागवेडी

सोडा नको, कण राहतात आणि गोंद तिथे उंचवटा करून घट्ट होतो, फर्मा सपाट बसत नाही. तसंही फेविक्विक हवेतल्या ओलाव्यानेच पकडतं, पावसाळ्यात तर हात काढायच्या आत पकडतं. उन्हाळ्यात विदर्भात असाल तर थोडं जास्त दाबून धरा.

खालच्या मजल्यासाठी तिळगूळ.

चिकटबुवा

चिकटपट्टी आणि गोंद हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे त्यामुळे जरा लांबण लावतो.

दाबून चिकटणाऱ्या टेपला दोन प्रकारचा ताण येतो. एक सरकवण्याचा, म्हणजे फर्मा आडवा ढकलला जातो तो. दुसरा सोलण्याचा, म्हणजे एका टोकाने उचलला जातो तो. पहिल्यात टेप राक्षसासारखी धरते, दुसऱ्यात लगेच माघार घेते. राउटर बहुतेक करून पहिला ताण देतो म्हणून टेप चालते. पण फर्म्याचं एखादं टोक टेपशिवाय लोंबकळत असेल, आणि ट्रिमर तिथे कलला, की तिथून सोलायला सुरुवात होते आणि मग सगळाच फर्मा सुटतो. म्हणून टेप मधे थापण्यापेक्षा कडेपर्यंत न्या, विशेषतः टोकांना.

दुसरं, दुकानात डबल टेप मागितली की बऱ्याचदा जाड फोमवाली देतात, आरसे आणि हुक लावायची. ती या कामाला चुकूनही नको. फोम दबतो आणि हलतो, फर्मा त्याच्यावर तरंगत राहतो, कड लाटालाटांची येते. पातळ टिश्यू टेप घ्या नाहीतर कार्पेटची कापडी टेप.

तिसरं आणि सगळ्यात दुर्लक्षित. टेप लावून नुसतं हाताने थोपटू नका. या गोंदाला दाब लागतो, लाकडाच्या बारीक खड्ड्यात तो शिरला पाहिजे. फर्मा ठेवलात की क्लॅम्पने एक मिनिट कचकून आवळा, मग क्लॅम्प काढा आणि काम करा. फरक स्वतः बघा. आणि काम झालं की लगेच काढा, रात्रभर ठेवलंत तर सकाळी पटाशी आणि शिव्या दोन्ही लागतील. अगदीच नाही निघालं तर हेअर ड्रायरने गरम करा, गोंद मऊ पडतो. चिकटा उरलाच तर टर्पेंटाईन किंवा आयसोप्रोपाईल अल्कोहोलचा बोळा.

आता सागाचं. साग तेलकट. टेप असो की मास्किंग टेप, आधी थिनरने किंवा अॅसिटोनने पुसून घ्या, उडून जाऊ द्या आणि लगेच चिकटवा, फार वेळ ठेवलं तर आतलं तेल परत वर येतं. रंध्यानंतरचा बारीक भुसा राहिला असेल तर जगातली कुठलीही टेप फक्त भुशाला चिकटते.

भुसाभूत

वाखुसा (वाचनखूण साठवली). चिकटबुवांचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून यायला हवा.

डोंबिवली_फास्ट

गरम गोंदाच्या बंदुकीबद्दल कोणीच बोललं नाही?

चिकटबुवा

चालते, पण फर्मा आणि लाकडाच्या मधे गोंद घालू नका, थर जाड होतो आणि फर्मा वर उचलला जातो. फर्मा टेकवून बाहेरच्या कडेला, जिथे बिट जाणार नाही तिथे, चार ठिपके द्या. महिरपीत वरची सरळ कड मोकळी असेल तर तिथे देता येईल. सागावरून ठिपका थोड्या स्पिरिटने सुटतो, गोंदाच्या खाली एक थेंब सोडायचा. पण एकट्या याच्या भरवशावर मी नाही राहणार.

मिशिगनकर

इथे बेसमेंटमधे थंडीत दुसरं काही करण्यासारखं नसतं त्यामुळे हे सगळे प्रकार करून झालेत :)

२३ गेजच्या पिनांची गन मिळत असेल तर बघा. पिन साधारण ०.६ मिमी जाडीची, डोकंच नसतं. फर्म्यातून दोनतीन मारायच्या, नंतर फर्मा उचकटला की पिन बहुतेक फर्म्यातच राहते किंवा पक्कडने निघते. भोक एवढं बारीक की मेणाच्या खडूने घासलं की सागाच्या छिद्रांत हरवून जातं. सागवेडी ताईंचा आक्षेप मान्य, भोक ते भोकच, पण हे शोधून दाखवा. फक्त पिन कुठे मारली ते पेन्सिलने फर्म्यावर गोल करून ठेवा. बिट पिनेवर गेला तर कार्बाईडचा टवका उडतो.

दुसरा प्रकार व्हॅक्युम. फर्म्याच्या खाली कडेने फोमची पट्टी, मधे भोक, पंप लावला की वातावरणच फर्मा दाबून धरतं. दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ १ किलो, म्हणजे १० बाय १० सेंमी जागेवर हिशोबाने १०० किलो, प्रत्यक्षात पंप किती ओढतो त्यावर ७०–८० धरा. पुणेकरांना ६-७ टक्के कमी मिळेल कारण ते उंचावर असतात, ते त्यांना आधीपासून माहीत आहेच. एमडीएफमधून मात्र हवा झिरपते, फर्म्याला दोन्ही बाजूंनी लॅकर किंवा मेलामाईनचे हात मारून बंद करावं लागतं. एकाच आकाराचे पन्नास नग काढायचे असतील तरच या भानगडीत पडा. चार महिरपींसाठी म्हणजे अतीच.

जुना_रंधा

उशीरा येतोय, चष्मा दुरुस्तीला होता.

सगळ्यांनी छान माहिती दिली आहे पण धागाकर्त्याला कोणी हे विचारलंच नाही की महिरप खांबात बसते कशी. नुसती टेकवून फेविकॉल लावणार आहात का? नसाल, तर दोन्ही टोकांना कुसू (पुढे काढलेली बारीक जीभ) असणार आणि ते खांबाच्या पोटात जाणार. मग स्क्रू तिथेच मारा की. भोक पडलं तर पडलं, ते खांबाच्या आत आयुष्यभर अंधारात राहील.

फळी कापताना महिरपीची लांबी अधिक दोन्हीकडे २०-२५ मिमी कुसवाचे एवढी धरा. फर्मा पण तेवढाच लांब करा, कान काढल्यासारखा. प्रत्येक कानात एक स्क्रू, तो पण कुसवाच्या मधोमध. महिरप कापून झाली, फर्मा निघाला, मग कुसू पाडायचं. कुसू १० मिमी जाडीचं कराल तर दोन्ही बाजूंनी ६-६ मिमी तसंही उडणार. वरून मारलेला स्क्रू कुसवाच्या गाभ्यात थोडा शिरेल, शिरू दे, ३ मिमीचा स्क्रू आहे, त्याने कुसू काही दुबळं होत नाही. लांबी बघून घ्या म्हणजे झालं, १२ चा फर्मा आणि २२ ची फळी, २५ चा स्क्रू पुरे.

आणि वरच्या अंगाला पण ४० मिमी फळी जास्तीची ठेवा. ट्रिमरचा बेस अर्धा बाहेर अर्धा आत असतो, तो जिथपर्यंत पोचत नाही तिथे एक क्लॅम्प बसतो. म्हणजे दोन टोकं स्क्रूने आणि मधला माथा क्लॅम्पने. टेप नाही, गोंद नाही. वरचं ४० मिमी शेवटी करवतीने काढून टाका. ज्या लाकडाला उडायचंच आहे त्याला भोक पाडायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुट्टीतला_सुतार

काका, कुसू आहेच, २० मिमीचं काढलंय कागदावर, आणि मी फर्मा मात्र नेमका दिसणाऱ्या भागापुरता केलाय. हे डोक्यातच नव्हतं आलं. पण वरचे ४० मिमी परवडत नाहीत, फळी तेवढी रुंद नाहीये, तुळईला एका बाजूने वाळवी लागलेली होती तो भाग आधीच गेला. माथ्यावर जेमतेम १० मिमी जास्तीचे मिळतील.

जुना_रंधा

मग माथ्यावर ताईंची मास्किंग टेप लावा एक पट्टी. टोकं स्क्रूने धरलेली असताना मधल्या टेपला फारसं काम उरत नाही, फक्त उचललं जाऊ नये एवढंच बघायचंय.

किंवा पेटी करा. फर्मा रुंदीला मोठा घ्या, त्याच्या खालच्या अंगाला तीन बाजूंनी २२ मिमीपेक्षा किंचित कमी जाडीच्या पट्ट्या ठोका, त्यात फळी बसते, चौथ्या बाजूने लाकडी पाचर मारून घट्ट करायची. फळीला कशानेही भोक नाही, चिकट नाही. पट्टीच्या आतल्या अंगाला १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा म्हणजे फळी सरकणार नाही. चार सारख्या महिरपी आहेत म्हणजे एकदा पेटीला वेळ गेला तरी पुढच्या तीन पटापट होतात. आमच्या उमेदवारीत राउटर नव्हते पण पाचर तीच होती.

सागवेडी

काकांना +१. अजून एक जुनी युक्ती राहिलीच, कागदी सांधा. फर्मा आणि लाकूड दोघांच्या मधे वर्तमानपत्राचा एक कागद, दोन्हीकडून सरस नाहीतर पाणी घातलेला फेविकॉल, वाळू द्यायचं आणि काम झाल्यावर पटाशी सांध्यात घालून एक टोला. कागद मधून फाटतो आणि दोन्ही सुटे. लेथवर काम करणारे अजूनही करतात. पण वाळायला रात्र जाते आणि नंतर कागद खरवडून वरून एक हात रंधा मारावा लागतो, तेव्हा जाडी अर्धा मिमी जास्त ठेवूनच करायचं. चार महिरपींना चार रात्री, त्यापेक्षा पेटी बरी.

मिशिगनकर

रच्याकने (जाता जाता), फर्मा किती घट्ट धरायचा हे बिट किती लाकूड खातोय त्यावर ठरतं हे पण बोलायला हवं. लोक अर्धा इंच लाकूड बिटने उडवायला जातात आणि मग टेपला दोष देतात. आधी जिगसॉने रेषेच्या २ मिमी बाहेरून कापा, फार तर ३. मग बिटला फक्त खरवडायचंय.

आणि बिटची लांबी किती आहे तुमच्या? बेअरिंग वरच्या बाजूला असलेला २५ मिमी पात्याचा लांब बिट असेल तर अडचण आहे. बेअरिंग फर्म्यावर टेकायला हवं, म्हणजे १२ मिमीच्या फर्म्यात बेअरिंगसाठी ६ मिमी सोडले तर पातं उरलेला फर्मा पार करून लाकडात पहिल्याच फेरीला १९ मिमी जातं. पाव इंची दांड्यावर १९ मिमी साग एकदम, फर्मा कितीही चिकटवा, धक्का बसणारच. त्याऐवजी १२ मिमी पात्याचा आखूड बिट घ्या. पहिली फेरी ६ मिमी. तेवढं झालं की पुढच्या फेऱ्यांना खाली करत जा, आणि एकदा लाकडाची स्वतःची कड बेअरिंगला पुरेल एवढी तयार झाली की फर्मा काढून टाकला तरी चालतं, बेअरिंग त्या कापलेल्या कडेवरच पळतं. म्हणजे फर्म्याला जीव तोडून धरायचंय ते फक्त पहिल्या एकदोन फेऱ्यांत.

सुट्टीतला_सुतार

माझा २५ मिमीचाच आहे. बरं झालं विचारलंत. आखूड बिट पुण्यात कुठे बघू?

भुसाभूत

बोहरी आळीत फिरा. "आखूड पात्याचा, वर बेअरिंग, पाव इंची दांडा" असं सगळं एका दमात बोला, नाहीतर खाली बेअरिंगवाला लॅमिनेट ट्रिमिंगचा हातात ठेवतात कारण तोच सगळ्यात जास्त खपतो.

जुना_रंधा

तो खाली बेअरिंगवाला पण घेऊन ठेवा, वाया जाणार नाही. कारण सांगतो. महिरपीच्या पाकळीत लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) एका अंगाला सुलट लागते आणि दुसऱ्या अंगाला उलट. उलट लागली की बिट लाकूड कापत नाही, उचकटतो, आणि दोन पाकळ्यांच्या मधलं जे टोक पुढे आलेलं असतं तिथे रेषा इतकी आखूड की ढलपी निघाली तर टोकच जातं. उपाय असा की वरच्या बेअरिंगच्या बिटने फक्त सुलट अंगं कापायची, मग फळी फर्म्यासकट उलटी करायची, खालच्या बेअरिंगच्या बिटने राहिलेली अंगं कापायची. उलटं केलं की जे उलट होतं ते सुलट होतं. पेटी केलीत तर हे जमणार नाही, पट्ट्या आणि पाचर आडवी येईल. इथे कानात स्क्रू आणि माथ्यावर टेप हेच बरं.

ट्रिमर ढकलायची दिशा विसरू नका, कड तुमच्या बाजूला असेल तर डावीकडून उजवीकडे. उलटं नेलंत तर ट्रिमर स्वतः पळत सुटतो.

प्लायवाला

बोलायचं नव्हतं पण बोलतो, कुसवात स्क्रू मारायची आयडिया साईटवर पण वापरता येईल. शटरला (कपाटाच्या दाराला) बिजागरीचा खड्डा पाडतो तिथे फर्मा धरायला हेच. खड्डा जिथे पडणार तिथेच स्क्रू.

सागवेडी

दादा बिजागरीच्या खड्ड्यात मधोमध स्क्रू ठेवलात तर बिट त्याच्यावर जाईल. बिजागरीचे स्क्रू जिथे येणार तिथे पण नको, आधीच्या भोकात पकड राहत नाही. शटरच्या कडेला फर्म्याला उभी पट्टी ठोका आणि तिथे क्लॅम्प लावा, वरचा पृष्ठभाग मोकळा राहतो.

प्लायवाला

हां, ते पण आहे.

सुट्टीतला_सुतार

अपडेट. फर्मा नवीन केला, दोन्हीकडे कान ठेवून. एक महिरप टाकाऊ सागाच्या तुकड्यावर काढून बघितली. कानात एकेक स्क्रू, माथ्यावर थिनरने पुसून मास्किंग टेप आणि फेविक्विक. जिगसॉने २ मिमी ठेवून कापलं, आखूड बिटने पहिली फेरी, मग खाली करत गेलो. फर्मा तसूभर हलला नाही. टोकं शाबूत आहेत. उलटं करून खालच्या बेअरिंगने कापलेली अंगं तर पॉलिश पेपर न मारता ठेवावी अशी आलीत. टेप काढताना सागवेडी ताईंनी सांगितलं तसा पातळ पत्रा सरकवला, सोलून निघाली, खाली लाकूड जसं होतं तसं.

एकच शंका उरली. पाकळ्यांच्या आतल्या बाजूला फेरी संपते तिथे काळपट पट्टा आलाय, जळल्यासारखा. बिट नवीन आहे.

जुना_रंधा

तिथे वळताना हात थांबतो तुमचा. बिट एका जागी फिरत राहिला की जाळतो. साग बिटची धारही लवकर घालवतो, त्याच्यात वाळूसारखा अंश असतो. वेग एक नंबर कमी करा, शेवटची फेरी अर्ध्या मिमीची ठेवा आणि वळणावर न थांबता न्या. आत्ताचा पट्टा आहे तो स्क्रेपरने जाईल, पॉलिश पेपरने जायला वेळ लागेल. आणि एमडीएफचा भुसा उडतोय तेव्हा मास्क लावा, नुसता रुमाल नको.

डोंबिवली_फास्ट

फोटो?? फोटोशिवाय धागा फाऊल धरण्यात येईल.

सुट्टीतला_सुतार

चारही झाल्या की टाकतो. आधी कुसवाची भोकं खांबात पाडायचीत, त्यासाठी परत फर्मा लागणार आहे आणि खांब ५० बाय ५० चा, ट्रिमरचा बेस त्याच्यावर डोलतो. त्याचा वेगळा धागा काढू की इथेच विचारू?

भुसाभूत

इथेच विचारा. खांबाच्या दोन्ही अंगांना त्याच उंचीचे वासे लावून क्लॅम्प करा म्हणजे बेसला टेकायला जागा होते, बाकीचं काका सांगतील.